चौथी रेघ

"ही रेघ कशानं पडली म्हणायची?"

शांतलिंग अप्पांनी गाडीच्या काळ्या दारावरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही.

"शेळी असंल," नानासाहेब म्हणाले आणि कपातल्या चहाकडं बघू लागले.

शेळीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. ती रेघ काल दुपारी नानासाहेबांनी स्वतःच ओढली होती, किल्लीच्या टोकानं, आसपास कुणी नाही ना हे दोनदा बघून. ज्या गाडीला त्यांनी बारा वर्षांत कुणाला टेकून उभं राहू दिलं नव्हतं, त्या गाडीवर!

नळदुर्गात एके काळी ही फियाट दिसली की लोक रस्त्याच्या कडेला सरायचे. नानासाहेब तेव्हा खरेदी-विक्री संघाचे चेअरमन. अंगणात चपलांचा ढीग असायचा. मग ते निवडणूक हरले आणि महिन्याभरात तो ढीग नव्या चेअरमनच्या दारात जाऊन पडला. माणसं अशी शहाणी की आता वाटसुद्धा पलीकडच्या गल्लीनं काढायची. पाठोपाठ पत्नी मथुराबाई गेल्या. त्यानंतर घरात भांडं वाजलं तर ते नानासाहेबांच्याच हातून वाजायचं.

उरली गाडी. तिचा काळा रंग मूळचाच पातळ, त्यात वय झालेलं. एका ड्रायव्हरनं धुळीच्या फडक्यानं पुसून तिच्या टपावर ओरखड्यांचं जाळं केलं. सोलापुरातल्या गॅरेजवाल्यानं चमक आणतो म्हणून लेप घासला आणि एका कोपऱ्यात खालचा पत्रा उघडा पाडला. तेव्हापासून नानासाहेब भेटेल त्याला विचारायचे, हलक्या हाताचा, विश्वासाचा माणूस आहे का कुणी? वर्षभर विचारलं. शेवटी देवळाच्या गुरवानं शांतलिंग अप्पांचं नाव सांगितलं. पंचक्रोशीतल्या पालख्यांना पॉलिश करणारा म्हातारा.

अप्पा आले ते एका गुरुवारी. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी बोटातली अंगठी काढली. बटणं घासू नयेत म्हणून सदरा उलटा घातला. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पंच्यानं छातीशी घट्ट बांधली. दुष्काळाचं साल, टँकरचं पाणी माणसांना पुरत नव्हतं, तिथं गाडीला कुठलं? अप्पांनी मोरपिसांच्या कुंच्यानं धूळ उडवली आणि जुन्या, मऊ झालेल्या धोतराच्या तुकड्यानं काम धरलं. नानासाहेबांनी तिथंच ओळखलं, हाच तो माणूस.

डिकीजवळ डांबराचा एक ठिपका होता. अप्पा त्याच्याकडं बराच वेळ बघत बसले.

"ह्याला घाई करून चालायचं न्हाय. संगं रंग बी निघंल. दर बेस्तरवारी थोडं थोडं बघू."

मग दर गुरुवारी अप्पा यायचे. काम तासाभराचं, चहा दोन तासांचा. औंदा जत्राच भरल्या नाहीत, त्यामुळं पालख्या तशाच पडून आहेत, दोन्ही पोरं सोलापूरला गिरणीत गेलीत, हे सगळं नानासाहेबांना चहावरच कळलं. त्यांचा आठवडा आता एकाच वाराचा झाला होता. आणि गाडी मात्र आरशासारखी होत चालली होती. तेवढा ठिपका राहिला. तो काय, कधीही निघेल. मग अप्पा कशाला येतील? या भीतीनं नानासाहेबांनी किल्ली हातात घेतली होती. पहिल्या रेघेला बाभळीची फांदी म्हणाले, दुसरीला पोरं, तिसरीला पुन्हा फांदी. ही चौथी.

"शेळी," अप्पा सावकाश म्हणाले. "नानासाहेब, ह्या गल्लीत शेळी हाय कुठं? वैरण न्हाय म्हणून दिवाळीलाच समद्यांनी शेळ्यांना बाजार दावला. आन् शेळी लई हुशार असली तरी शिंगानं इतकी सरळ रेघ वढत न्हाय."

नानासाहेबांनी कप बशीत ठेवला. दुसऱ्याच्या कष्टावर आपण ओरखडा काढला, याची त्यांना मनापासून लाज वाटली. आता हा माणूस उठेल, पिशवी उचलेल आणि पुन्हा या अंगणात पाऊल टाकणार नाही.

"म्याच वढली, अप्पा. चारी बी," ते म्हणाले. "काम सरलं की तुमी येनार न्हाय. दुसरं कोन येतंय इथं?"

अप्पा चहा अर्धा ठेवून उठले. पिशवीकडं गेले. नानासाहेबांनी मान खाली घातली.

पण अप्पांनी पिशवी उचलली नाही. तिच्यातून जवसाच्या तेलाची बाटली काढली. धोतराच्या तुकड्यावर दोन थेंब घेतले, डिकीपाशी उकिडवे बसले आणि चार महिने जपलेला तो डांबराचा ठिपका अलगद दोनदा पुसला. ठिपका गेला. खाली रंग जसाच्या तसा, नवाकोरा काळा.

"पैल्याच दिशी निघाला असता ह्यो," अप्पा फडक्याची घडी घालत, वर न बघता म्हणाले.

नानासाहेब बघतच राहिले. "मग आता?"

"आता काय? ती किल्ली आत ठिवा. पुढच्या बेस्तरवारी म्या रिकाम्या हातानं येतो."