जिन्यात अडकलेला उंट

"एक जजसाहेब सोडले तर सगळ्यांचं पाठ आहे," निर्माता मेकअपच्या खोलीत उभ्याउभ्याच म्हणाला. "त्यांचंही झालं की प्रॉम्प्टर बंद. हल्ली विंगेत माणूस बसवून कोण नाटक करतं?"

हे तो प्रॉम्प्टरच्या तोंडावरच म्हणाला. प्रॉम्प्टर म्हणजे सगळ्यांचे काका. तीस वर्षं डाव्या विंगेत स्टुलावर बसून, टॉर्चच्या उजेडात संहिता धरून ते नटांना वाक्यं पुरवत आले होते. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. घरी वाट बघणारंही कुणी नव्हतं. ते स्टूल गेलं, की दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं, एवढंच उरलं असतं.

"मी स्मरणशक्तीचा वर्ग लावलाय," जजसाहेब म्हणाला. नाटकात तो न्यायाधीश व्हायचा, म्हणून हे नाव. "बराच फरक..." आरशात त्याला काकांचा चेहरा दिसला. तो मिशी चिकटवायला लागला.

"उत्तम. शनिवारी दुपारच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून बघतो," म्हणून निर्माता गेला.

काका घाबरले होते, पण आधी त्यांनी नाक मुरडलं. पाठांतराला लागतं काय, तर बूड टेकवून बसणं. एवढी अक्कल ते कुणालाही फुकट द्यायला तयार होते, पण फुकटची अक्कल घेतो कोण? लोकांना वर्ग हवा, वर्गात फळा हवा, आणि फळ्यापुढे इस्त्रीच्या कपड्यातला कुणीतरी भामटा हवा.

"काय शिकवतात रे तिथे?" त्यांनी विचारलं.

"मनात एक घर धरायचं, काका. ओळखीचं. दार, जिना, स्वयंपाकघर, माळा. प्रत्येक जागी अशी वस्तू ठेवायची की नजर हटू नये. बोलताना त्या घरातून चालत जायचं. वस्तू दिसली की वाक्य आठवतं."

"म्हणजे कसं?"

"पहिल्या अंकातलं मोठं भाषण जिन्यात आहे. जिन्यात उंट अडकलाय."

"वर जाताना की खाली येताना?"

"वर जाताना."

"मग तो वर पोचेपर्यंत प्रेक्षक घरी पोचतील."

सगळी खोली हसली. जजसाहेबही हसला. टोचलं तरी हसणाऱ्या माणसांची काकांना मनस्वी चीड होती.

शनिवारी निर्माता पहिल्या रांगेत बसला. उंटाचं भाषण तर जजसाहेबाने सुरेख म्हटलं आणि काकांना आपलं स्टूल गेल्यातच जमा वाटलं. पण मुलाशी भांडणाचा प्रसंग सुरू झाला आणि स्वारी मध्येच थांबली. काकांनी दबक्या आवाजात वाक्य पुरवलं. दुसऱ्या अंकात पत्राच्या प्रसंगात पुन्हा तेच. शेवटी निकाल सुनावताना तर "या न्यायालयाचं मत..." म्हणून असा अडला, की पहिल्या रांगेतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगावं लागलं. काकांच्या अंगात बळ आलं. प्रयोग संपल्यावर ते स्टूल पुसून, नीट जागेवर ठेवून घरी गेले.

पुढे महिनाभर हेच चाललं. निर्माता आला की त्याच तीन जागी घोडं अडायचं. तो नसला की सगळं सुरळीत, इतकं की काका टॉर्च विझवून डुलकी काढायचे. भित्रा लेकाचा, काकांनी निदान केलं. मालकाचं तोंड दिसलं की उंट पळतो. कसला वर्ग आणि कसलं काय, पैसे घेऊन शहाण्यांना येडं बनवण्याचे धंदे. हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, जजसाहेब समोर असला की जरा जास्तच.

एके दिवशी प्रयोगानंतर निर्माता विंगेत आला.

"काका, तुम्ही जवळून बघता. त्या वर्गाचा काही उपयोग?"

होईल हळूहळू, असं म्हणता आलं असतं.

"डोक्यात भुसा भरलाय, साहेब," काका म्हणाले. "भुशात उंट ठेवला काय नि हत्ती ठेवला काय. मी नसतो तर दर वेळी तीनदा पडदा पाडावा लागला असता."

निर्मात्याने मान हलवली. "मग नटच बदलू. एक जण बघून ठेवलाय. दहा दिवसांत उभा करायचाय, तेव्हा तुम्ही लागालच. पुढेही राहा. जोखीम नको."

काकांना क्षणभर वाईट वाटलं. मग स्टूल आठवलं, आणि वाटायचं थांबलं.

सोमवारी जजसाहेबाने आपला कंगवा, टॉवेल आणि चपला पिशवीत भरल्या. तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्याचंही काकांनी मनात हसूच केलं.

"आता काय करणार?"

"भावाच्या दुकानात बसेन. बघू." त्याने आपली संहिता काकांच्या हातात दिली. एवढे दिवस ती कायम त्याच्या पिशवीत असायची. "नव्या माणसाला द्या. समासात माझं घर आहे, नको असेल तर खोडू दे त्याला. आणि काका, स्टुलाचा एक पाय डुगडुगतोय. बघून घ्या."

तो गेल्यावर काका स्टुलावर बसले, टॉर्च लावला आणि हसायच्या तयारीने पानं उलटू लागले. समासात पेन्सिलीने चित्रं काढलेली होती. दारात माशांनी भरलेली बादली होती. जिन्यात उंट होता, मान वाकडी करून अडकलेला. पुढे मुलाशी भांडणाचं पान आलं. स्वयंपाकघर होतं आणि त्यात एक स्टूल. स्टुलावर टकलू म्हातारा, हातात टॉर्च.

काकांचे कान तापले. म्हणजे हा इतके दिवस टिंगल करत होता तर. त्यांनी पुढची पानं भराभर उलटली. पत्रापाशी तेच स्टूल, तोच म्हातारा. निकालापाशीही तोच. बाकी कुठेच नाही.

तिन्ही चित्रांखाली बारीक अक्षरात एकच ओळ होती. काकांनी टॉर्च जवळ नेला.

"निर्माता पहिल्या रांगेत असेल, तर इथे विसरायचं."