माणसाचा वास

आम्ही बिश्नोई. आमच्या वस्तीत हरणावर कुणी खडासुद्धा उचलत नाही, म्हणून धापूकाकीच्या वाडीतल्या काकड्या हरणंच संपवायची. शेवटी सुनेला मोबाइलवर युक्ती सापडली. "सासूजी, अंगावरची ओढणी कुंपणाला बांधा. माणसाच्या वासानं हरणं पळतात. त्यांना इजा नाही, काही नाही."

ओढणी बांधली आणि काकीची आत-बाहेर सुरू झाली. "फार लांब पळाली तर गं?"

सकाळी पाहतात तर एरवी बुजणारी पाडसंसुद्धा ओढणीला नाक लावून निवांत बसलेली. सुनेला हसू आवरेना. काकी मात्र उंबऱ्यावर मटकन बसली.



"हसतेस काय? शिवेपलीकडच्या शिकाऱ्याच्या अंगालाही माणसाचाच वास असतो."