चौथ्या मजल्याचं दार

आगीच्या वेळी उतरायचा जिना चौथ्या मजल्यापाशी कोऱ्या भिंतीला थडकत होता. गुप्ततेसाठी जाकार्तातल्या सरकारी मुख्यालयाचा प्रत्येक मजला वेगळ्या गटाने आखला होता. दोन नकाशे एकत्र पाहायची कुणालाच परवानगी नव्हती. वास्तुविशारद वेनिंगने शेवटच्या पायरीवर ठाण मांडलं. “बू वेनिंग, आग-सुरक्षेच्या दाखल्यावर सही करा आणि उठा,” सुरक्षाप्रमुख हारसोयो गुरगुरले. तिथे बाईंना आदराने ‘बू’ म्हणतात, साहेबांना ‘पाक’. “चौथ्या मजल्याचा नकाशा दाखवा, उठते.” “तो गुप्त आहे.” “हे आगीला सांगा, पाक हारसोयो! माणसं भिंतीपलीकडे कोंडून मरतील.” दुपार उलटली, तरी ती हलेना. तिने खिशातला खडू पुढे केला. “नकाशा राहू द्या. दार कुठे हवं तेवढं आखा.” हारसोयोंनी खाकरून भिंतीवर एका माणसापुरतं दार आखलं. “इतकी नेमकी जागा कशी ठाऊक?” तिने विचारलं. “पलीकडे माझं टेबल आहे.” “मग रुंद करा,” ती म्हणाली. “तुमच्यामागून बाकीचेही धावत येतील.”