फोटो काढतंय कोण?

"पण हे फोटो काढतंय कोण?" चित्रलेखाने विचारलं.

सुनीतीच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. सिडनीतल्या वेस्टमीडच्या हॉस्पिटलात दोघी एकाच लॅबमध्ये कामाला, आणि लंचलाही एकाच बाकावर. सुनीतीची लेक नुपूर आर्किटेक्चरच्या एका सेमिस्टरसाठी इटलीत बोलोन्याला गेली होती. दर वीकेंडला ती कुठल्या तरी नव्या गावात असायची. चुकलेली ट्रेन, शिक्का मारायचं राहिलेलं तिकीट, दुपारभर बंद असलेली दुकानं, सगळं ती फोटोंखाली लिहायची. बरोबर कोण होतं, ते मात्र कधी लिहायची नाही.

"ती एकटी फिरते," सुनीती म्हणाली.

"एकटी? हा सिएनाचा चौक बघ, हा व्हेरोनाचा पूल बघ. एकही सेल्फी नाही! सगळीकडे अख्खी नुपूर, पायांतल्या बुटांसकट. आणि हसतेय बघ कशी समोरच्याकडे बघून." चित्रलेखाला भलताच उत्साह आला होता. "पोरीने जावई शोधलाय तुला. आज अर्व्होला, दुपारी शिफ्ट संपली की, फोन करून विचारच."

सुनीतीने फोन पालथा ठेवला.

इटलीवरून घरात आधीच रणकंदन झालं होतं. इंग्लंडला जा, जपानला जा, सुनीतीने सगळा नकाशा लेकीला मोकळा करून दिला होता. फक्त इटली नको. का नको, ते काही तिने सांगितलं नाही, आणि कारण न सांगता ऐकेल अशी नुपूर नव्हती.

राघव गेला तेव्हा नुपूर चार वर्षांची होती. "बाबा कुठेय?" असं ती विचारत राहिली आणि सुनीती "गेले" एवढंच सांगत राहिली. सिडनीतल्या मराठी मंडळींनीही खोदून विचारलं नाही. कोणी डबे आणून दिले, कोणी नुपूरला शाळेत नेलं-आणलं. राघवच्या फोटोला सुनीतीने हार घातला नाही. तिला ते जमणार नाही, हे सगळ्यांनी समजून घेतलं. तेव्हापासून तिला नुपूरखेरीज कोणी नव्हतं. ही पोर हातून सुटली तर जगायचं कशासाठी, असं तिला खरोखरच वाटायचं.

शिफ्ट संपल्यावर ती कार पार्कमध्ये आली, गाडीत बसली आणि फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"आई? एवढ्या लवकर? ऑल ओके?"

"ओके. सिएनाचे फोटो छान आलेत. कोणी काढले?"

मागे ट्रेनची खडखड ऐकू येत होती.

"एक ओळखीचे आहेत. ते काढतात."

'ते' सुनीतीला टोचलं. नुपूर युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरांनाही नावाने हाक मारायची. मित्र असता तर सरळ 'तो' म्हणाली असती.

"दर वेळी तेच असतात बरोबर?"

"मोस्टली."

"वय काय त्यांचं?"

"आई, लोक आधी नाव विचारतात."

"वय काय?"

"तुझ्याएवढं असेल."

सुनीतीने स्टिअरिंग घट्ट धरलं. "कुठे भेटले?"

"युनीत. गेस्ट लेक्चरला आले होते. माझं आडनाव ऐकलं आणि बोलता बोलता थांबलेच. मग कॉफीला घेऊन गेले."

"मराठी बोलतात?"

"मस्त बोलतात. माझ्या चुका काढतात."

परक्या देशात लेकीला मराठी माणूस भेटला, याचा दुसऱ्या कुठल्याही आईला आनंद झाला असता. सुनीतीला झाला नाही.

"आत्ता कुठे आहेत ते?"

"समोर बसलेत. रावेन्नाला चाललोय आम्ही."

"पुढच्या स्टेशनला उतर. सामान घे आणि घरी ये. तिकीट मी काढते."

"आणि सेमिस्टर?"

"खड्ड्यात गेलं सेमिस्टर!"

"मी नाही येणार, आई."

नुपूर ओरडली असती तर सुनीतीला समजूत घालता आली असती. ती हळू आवाजात बोलली, म्हणून सुनीती जास्तच घाबरली.

"तुला कळत नाहीये, नुपूर. असली माणसं गोड बोलतात, लाड करतात. आणि एक दिवस उठून चालती होतात. मागे वळूनसुद्धा बघत नाहीत."

"हे तुला कसं माहीत?"

शेजारच्या गाडीतली नर्स सुनीतीकडे बघून हसली, ते तिला दिसलंही नाही.

"लहानपणी मी रोज विचारायचे," नुपूर म्हणाली. "आणि तू म्हणायचीस, बाबा गेले. कुठे गेले, ते का नाही सांगितलंस?"