राहिलेला राजा

"मग सॉफ्टवेअर बदलत का नाही, काका?"

पाहणीवालीचं पेन थांबलं. एवढा वेळ ते धावतच होतं. ते बनवणाऱ्या कंपनीवर मक्तेदारीचा खटला चालू होता आणि ग्राहकांची मतं गोळा करायला कंपनीविरुद्धच्या वकिलांनी तिला घरोघर पाठवलं होतं. सकाळपासून "चालतंय की" यापलीकडे कोणी काही बोललं नव्हतं. या निवृत्त प्लंबरकाकांनी मात्र तिला चहा दिला आणि कंपनीला शिव्या. गळका नळ बसवून मी त्याला नवी आवृत्ती म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकांनी माझ्याच पान्याने मला हाणलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"सवय," काका म्हणाले.

तिने ते लिहून घेतलं नाही. असा साक्षीदार सवयीवर घालवायचा नसतो.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकट उगवली. नवी आवृत्ती आली आहे, मशीन बंद करून पुन्हा सुरू करू का? काका गुडघा धरून उठले, 'नंतर' दाबलं आणि परत येऊन बसले. रोजचंच आहे, म्हणाले. दूधवाला चुकेल, ही चुकत नाही.

चौकट गेली तसा तिच्या मागचा पत्त्यांचा डाव दिसला. एकट्याने खेळायचा, मशीनबरोबर फुकट आलेला. पाहणीवाली खूश झाली. खटल्याचं मूळ ते हेच. असले खेळ फुकट वाटून कंपनीने खेळ विकणाऱ्यांची दुकानं बसवली होती. आपण जिंकलो की कंपनीला ते सगळ्यांच्या मशीनमधून काढावे लागतील, तिने सांगितलं.

"कधी?"

मशीन पुन्हा सुरू केलं की आपोआप, ती म्हणाली.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. मशीनचा प्लग त्यांनी पाइपाच्या चिकटपट्टीने जागच्या जागी गुंडाळून टाकला होता. कुणाचा पाय लागूनसुद्धा निघाला नसता.

मग त्यांनी बायकोचं सांगितलं. दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी, आणि ही चपला घालून पत्ते लावत बसलेली. ते तिच्यावर ओरडले होते. राहू दे तसाच, आल्यावर लावते, म्हणत ती उठली. त्यानंतर मशीन एकदाही बंद झालेलं नव्हतं.

पाहणीवाली उठून पडद्याजवळ गेली. पत्ते सगळे वर गेले होते. खाली एकटा बदामचा राजा.

"काका, हा डाव लागलाय की. एवढा राजा ठेवला की झालं."

"तिलाही दिसत होतं ते," काका म्हणाले. "पण घरी परत यायला काहीतरी कारण नको का?"