डायलिसिसची रिकामी खोली

लालसिंगची ही खोड लहानपणापासूनची. पाहुणा येणार म्हटलं की घरातली माणसं परसात हाकलायची आणि पाहुण्याला मोकळं घर दाखवायचं. आता तो तालुक्याच्या दवाखान्याच्या कमिटीचा मेंबर झाला, तरी खोड गेली नाही. नागपूरहून तपासणीचे साहेब येणार म्हणून त्यानं सकाळीच डायलिसिसचे सहाही पेशंट उठवले आणि मागच्या सायकलींच्या टिनाखाली नेऊन बसवले. त्यात त्याचा सख्खा बाप होता.

"दवाखाना चकाचक दिसला तं निधी भेटते, याडी," तो आईला म्हणाला. "दोन घंट्याची गोष्ट हाय. मंग बापूचा पयला नंबर."

जमनाबाईला पटलं नव्हतं. पण मेंबर तिचा ल्योक होता, आणि चार बायांत ते सांगायला तिलाही गोड लागे. ती म्हाताऱ्याशेजारी टिनाखाली जाऊन बसली.

दोन घंट्यांचे चार झाले. म्हाताऱ्याच्या पायांची कातडी सुजून चकाकत होती. बोलायला जाई तर अर्धं बोलणं छातीतच अडे. शेजारी बसवलेली पेशंट पुष्पा तर फरशीवर आडवी झाली होती.

साहेबांच्या गाड्या आल्या तशी जमनाबाई डायलिसिसच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आत फिनाइलचा वास. चादरींना सुरकुती नाही. दोन्ही मशिनींना फुलसावंगीहून आणलेले हार. टेबलावर खाकी कव्हराचं कोरं रजिस्टर. जुनं फाटकं दिसतं म्हणून लालसिंगनं ते कपाटात टाकायला लावलं होतं.

साहेबांनी पान उलटलं. "पेशंट नाहीत?"

लालसिंग हसला. "नाही साहेब. एकदम मोकळं हाय. गर्दी-बिर्दी कायी नाही."

साहेब सोबतच्या माणसाकडे वळले. "लिहा. खाटा रिकाम्या. दोन्ही मशिनी यवतमाळला हलवा. तिथं रांगा लागल्यात."

यवतमाळ. एसटीनं तीन तास. हप्त्यातून तीनदा. म्हाताऱ्याला टिनापासून दारापर्यंत चालवत नव्हतं.

जमनाबाई आत घुसली. "साहेब, पेशंट हायेत! मांगं बसवले हायेत टिनाखाली. दहा पावलं हाय, चाला, डोयानं पाहा."

साहेबांनी रजिस्टरावर बोट ठेवलं. "नाव काय पेशंटचं?"

पन्नास वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही ते शेजारणीला सांगायला लावायची.

"देवीलाल," ती म्हणाली.

"इथं नाही."

साधना सिस्टर पुढं झाली. "साहेब, जुन्या रजिस्टरात आहे. कपाटातून काढते—"

"सिस्टर, तुमचे मेंबर आत्ताच म्हणाले, पेशंट नाहीत. खोटं कोण बोलतंय?"

सगळ्यांनी लालसिंगकडे पाहिलं. जमनाबाईनं त्याच्या शर्टाची बाही धरली. "सांग नं यायले. तुहा बाप हाय तो. सांग."

लालसिंगनं तोंड उघडलं. मग दारात उभे असलेले कमिटीचे बाकीचे मेंबर पाहिले आणि बाही सोडवून घेतली.

"याडी, बाहेर चाल. साहेबांपुढं तमाशा नको."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अजून दोन दवाखाने व्हायचे होते. "अर्ज द्या बाई, बघू," एवढं बोलून ते गाडीत बसले.

धूळ खाली बसेपर्यंत लालसिंग फाटकाशी उभा होता. मग हळूच आईजवळ आला. मागून साधना सिस्टरचा आवाज येत होता, कोणाला तरी स्ट्रेचर आणा म्हणून ओरडत होती.

"मले काय मालूम, याडी, का हे मशिनीच नेतीन म्हणून. लय बदमाश लोकं हायेत हे."

जमनाबाईनं डोळ्याला पदर लावला नाही. आवाजही चढवला नाही.

"त्यायले कायले बोलतं? त्यायनं कायीच नेलं नाही, लालसिंग. तूनंच झाडून-पुसून त्यायच्या हातात देल्लं. बापासकट."