तळवा जरा तिरका

मामांनी फोटो ट्यूबलाइटखाली धरला, लांब नेला, जवळ आणला आणि म्हणाले, "घ्या. आता बोलण्यासारखं काही उरलंच नाही."

फोटोत बाबा स्टुडिओतल्या आपल्या स्टुलावर बसून धाकट्याच्या हातात स्टुडिओची किल्ली देत होते. बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. जाताना त्यांनी ना काही लिहून ठेवलं, ना कुणाला सांगितलं. म्हणून स्टुडिओ कुणाकडे जाणार ते मामांनी ठरवायचं आणि दोघा भावंडांनी गुमान ऐकायचं, असं कबूल झालं होतं. ताई निर्धास्त होती. शाळा सुटल्यापासून ती त्याच काउंटरमागे बसत आली होती. धाकटा तिकडे फिरकायचा तो पासपोर्टचे फोटो फुकट काढून घ्यायला.

"मित्राने काढलेला आहे," धाकटा म्हणाला. "बाबा आजारी पडायच्या आधी. दाखवणार नव्हतो मी, पण विषयच निघाला."

फोटो ताईपुढे आला. हा फोटो तिला पाठ होता.

बाबा गेल्यावर एकदा धाकटा स्वतःहून तिच्याकडे आला होता. "ताई, बाबांबरोबर माझा एक धड फोटो नाही गं. आईच्या वाढदिवसाला जोडून देतो. शिकवशील?" ताई विरघळलीच. मग रोज फोन. कडा कात्रीने कापल्यासारखी दिसते? निवडीची रेघ जराशी आत घे, मग कडा मऊ कर. बाबा निळे आणि तू पिवळा? आधी दोघांचा उजेड जुळव, रंगाला नंतर हात लाव. तुझा फोटो नको तितका गुळगुळीत आहे, बाबांचा जुना, दाणेदार. शेवटी सगळ्यावर थोडा दाणा टाक. सावली वेगळ्या लेयरवर, वेगळ्या थरात घे रे शहाण्या, हाताजवळ गडद, लांब जाईल तशी फिकी. आणि तुझा हात पुन्हा काढ. तळवा जरा तिरका ठेव, भीक मागतोयस असं वाटतंय.

बाबांनी उजवा हात पुढे केलाय असं त्याने जोडून पाठवलं, तेव्हा तर ती फोनवर ओरडलीच. "अरे, बाबा डावखुरे! आई एका नजरेत ओळखेल." पण बाबांच्या डाव्या हाताचा नीट फोटो काही सापडेना. शेवटी धाकटा स्टुडिओत आला तेव्हा तिनेच आपला डावा हात पुढे केला. बोटं तिची बाबांसारखीच, जाड पेरांची. "रिकामा कसा दिसेल? ती किल्ली धर की," धाकटा म्हणाला आणि त्याने आपल्या मोबाइलवर फोटो काढून घेतला. छान हसतखेळत चाललं होतं सगळं. तिने त्याला चहासुद्धा पाजला.

पुढे फाइल जड झाली, प्रोग्रॅम अडकायला लागला. "लेयर सगळे एकत्र करून टाक, हलकी होईल," हेही तिनेच सांगितलं. एकदा एकत्र केलेले लेयर परत सुटे होत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाच्या फाइलचे ती कधी एकत्र करत नसे. कधी काय बदलायला सांगतील, नेम नसतो. पण धाकट्याला ते परत कशाला लागणार होते?

"मामा, हा फोटो जोडलेला आहे," ताई म्हणाली. "मीच शिकवलं त्याला."

"मग दाखव की कुठे जोडलाय ते." मामांनी बाबांचं भिंग तिच्यापुढे सरकवलं. तिने घेतलं नाही, तेव्हा स्वतःच डोळ्याला लावलं. "मला तर सांधा कुठे दिसत नाही. उजेड बघ, सावली बघ. आणि मुख्य म्हणजे डावा हात! दाजी डावखुरे हे खोटेपणा करणाऱ्याच्या ध्यानात राहिलं असतं होय?"

"माझ्या राहिलं, मामा! मीच सांगितलं त्याला!"

"ओरडू नकोस."

"असू दे, मामा. तिला काही बोलू नका," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं केलंय तिने. वाईट वाटणारच."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. ही दया मात्र तिला सोसवेना. लहानपणी खोटं बोलताना तो खाली बघायचा. आज तो सरळ तिच्याकडे बघत होता.

ताईने पर्समधून किल्ली काढली. डाव्या मुठीत धरली आणि हात टेबलावर, समोर बसलेल्या आईपुढे, फोटोच्या शेजारी ठेवला. तीच किल्ली, तीच पेरं, अंगठ्याच्या नखावरची तीच चीर.

"आई, तू बघ. तूच सांग. हा हात माझा आहे."

आईने चष्मा सारखा केला. फोटो बघितला, हात बघितला, पुन्हा फोटो बघितला. आईचे डोळे भरून आले.

"अगं बाई!" तिने ताईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "अगदी ह्यांचाच हात गं. इतक्या वर्षांत माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"शेवटी लेक कुणाची!" मामांनी भिंग खाली ठेवलं. "चल, दे बघू आता किल्ली. दाजींनी दिली तशी दे."

धाकट्याने हात पुढे केला. तळवा जरा तिरका.